पेस्ट कंट्रोल आणि घरातले लहान जीव: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सफाई निघाली की आणि मृगाचा पाऊस पडून भिंतीला उधई दिसायला लागली की माझा फोन थांबत नाही. मी मानेवाड्याला राहते. घरात बजरी पक्षी, एक ससा, दोन गिनीपिग आणि एक मांजर आहे. लहान प्राणी पाळणारे लोक एकमेकांना विचारूनच शिकतात, तसे बरेच जण मला विचारतात. मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते हे जीव सांभाळताना, पशुवैद्यकांना प्रश्न विचारून आणि एकदा फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. ती गोष्ट प्रश्न ३ मध्ये आहे.

तुमचा प्राणी आत्ता या क्षणी त्रासात असेल तर बाकी काही वाचू नका, थेट प्रश्न १४ वर जा.

१. ताई, पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात औषध हर्बल आहे, वासही येत नाही. मग एवढं घाबरायचं कशाला?

ते "काही होत नाही" म्हणतात ते साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या हिशोबाने. बजरी भरते तीस-पस्तीस ग्रॅम, हॅमस्टर शंभर-सव्वाशे. तुम्ही फरशीवरून चप्पल घालून जाता. गिनीपिग त्याच फरशीवर पोट टेकून बसतो आणि नंतर पाय चाटतो. वासाचं म्हणाल तर डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांना जवळपास वासच नसतो. वास नाही म्हणजे औषध नाही, असं धरून चालू नका.

"हर्बल" हा शब्द ऐकून थांबायचं नाही. डब्यावर लिहिलेलं मूळ औषधाचं नाव विचारायचं आणि डब्याचा फोटो काढून ठेवायचा. भारतात कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण ही क्रमवारी लावताना मासे किंवा पक्षी डोळ्यांपुढे नसतात. हिरवा चौकोन असलेलं औषधही मत्स्यटाकीजवळ नको.

२. कोणत्या प्राण्याला कशाचा धोका जास्त?

माशांना पायरेथ्रॉइड औषधांचा. ही झुरळ-मच्छर मारायच्या बहुतेक स्प्रेमध्ये असतात आणि पाण्यात अगदी नगण्य प्रमाणात उतरली तरी मासे जातात. पक्ष्यांना हवेतल्या कशाचाही धोका. त्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा खूप जास्त ओढून घेतात. मांजरीला परमेथ्रिनचा (कुत्र्याच्या पिसवांच्या औषधात असतं ते), कारण ते पचवून बाहेर टाकायची यंत्रणा तिच्या यकृतात फार कमजोर असते. कुत्र्याला सहज चालणारं औषध तिला झटके आणतं. सशाला फिप्रोनिलचा (प्रश्न ६ आणि १७). हॅमस्टर, गिनीपिग, पाळीव उंदीर यांना आमिषाचा. उंदराला आवडावं म्हणून बनवलेली वडी त्यांनाही आवडणारच.

३. फवारणीच्या वेळी पिंजरा बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवला तर चालतं ना?

नाही चालत. माझ्या बजऱ्या अशाच गेल्या.

काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात झुरळांची फवारणी करायला एक माणूस आला. मी पिंजरा मागच्या बाल्कनीत टांगला, दार लावून घेतलं आणि निश्चिंत झाले. त्याने काम संपवलं आणि घरात वास कोंडू नये म्हणून जाताना एक्झॉस्ट फॅन चालू करून दिला. तो फॅन उघडतो बाल्कनीत, पिंजऱ्यापासून दीड हातावर. तासाभराने मी बघायला गेले तेव्हा निळा नर खालच्या दांडीवर पिसं फुगवून बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी हातपंपाच्या दांड्यासारखी वरखाली होत होती. रात्रीपर्यंत चारांतले तीन गेले. घरात पक्षी आहेत हे त्या माणसाला मी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे दोष एकट्या त्याला देता येत नाही.

म्हणून आता माझा नियम असा: फवारणीच्या दिवशी प्राणी दुसऱ्या घरी. शेजारी नको, कारण फ्लॅटमध्ये बाथरूमची डक्ट सामाईक असते. बहिणीकडे, मैत्रिणीकडे, धरमपेठेतून सक्करदऱ्याला जावं लागलं तरी. आणि बुकिंगच्या फोनवरच सांगायचं: "घरात पक्षी आहेत, ससा आहे, मासे आहेत."

गच्चीचा प्रश्न वेगळा. आपल्या इकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. ससा आणि गिनीपिग तिशीच्या पुढेच हैराण व्हायला लागतात. औषधापासून वाचवायला गच्चीवर ठेवलेला ससा उन्हानेच जातो. फवारणी पुढे ढकलता येत असेल तर ढकला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि प्राण्याला हलवणंही सोपं जातं.

४. मग परत कधी आणायचं? कंपनी म्हणते चार तास.

चार तास माणसांसाठी धरा. पक्ष्यांसाठी मी पूर्ण एक दिवस थांबते. ससा, गिनीपिग, हॅमस्टर यांच्यासाठी फरशी पूर्ण सुकायला हवी, पंखे लावून खिडक्या सहा-आठ तास उघड्या हव्यात, आणि ते फिरतात तेवढी फरशी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसलेली हवी. कोपरे आणि ओट्याखालचा भाग पुसू नका. औषध तिथेच काम करतं, प्राण्याला तिथे जाऊ देऊ नका म्हणजे झालं.

वाट्या, पाण्याच्या बाटल्या, लाकडी खेळणी, गवताची पिशवी हे सगळं फवारणीआधीच घराबाहेर काढा. गवत आणि लाकूड औषध शोषून घेतात. ते धुऊन निघत नाही. आपल्या नाकावर विसंबून "आता वास गेला" म्हणू नका (प्रश्न १).

५. मोठी फिश टँक आहे, हलवणं शक्य नाही. काय करू?

पहिलं म्हणजे ती टाकी असलेल्या खोलीत फवारणी करूच नका. तिथे झुरळांचं जेल लावा (प्रश्न ६). शेजारच्या खोलीत फवारणी असेल तर टाकीवर जाड प्लास्टिक टाकून कडा चिकटपट्टीने बंद करा.

इथे बहुतेकांची चूक होते ती एअर पंपाची. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे झाकलेल्या टाकीत तुम्हीच नळीने औषध नेता. पंप बंद करावा तर उन्हाळ्यात गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी, मासे तासा-दोन तासांत वर येऊन तोंड मारायला लागतात. यावर उपाय एकच: पंप उचलून ज्या बाजूला औषध नाही त्या खोलीत ठेवा आणि लांब नळी घ्या. ती अगदी स्वस्तात मिळते. खिडकीबाहेरच्या स्वच्छ हवेतही पंप टांगता येतो.

मासे झटके देत, आडवे होत पोहताना दिसले तर निम्म्याच्या आसपास पाणी लगेच बदला. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी फवारणीच्या दिवशी बादलीत झाकून तयार असावं. फिल्टरमध्ये नवा कोळसा (फिल्टरसाठी मिळतो तो ॲक्टिव्हेटेड कार्बन) घाला. आणि स्प्रेचा डबा हाताळलेल्या हाताने खाणं टाकू नका.

६. जेल फवारणीपेक्षा सुरक्षित असतं का?

बहुतेक घरांत हो, आणि लहान प्राणी असलेल्या घरात माझी पहिली पसंती जेललाच. ते हवेत पसरत नाही, थेंब-थेंब लावतात. पण ते लावायचं कुठे, हे तुम्ही उभं राहून दाखवा: बिजागरीच्या आत, फ्रिजच्या मोटरमागे, सिंकच्या वरच्या कडेला. सशाची जीभ किंवा गिनीपिगचे दात पोचतील तिथे थेंब नको.

जेलमध्ये साधारणपणे फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. सशाच्या घरात फिप्रोनिलचं जेल नको, दुसरं मागा. जेलमधलं प्रमाण थोडं असतं हे खरं, पण दुसरा पर्याय हाताशी असताना जोखीम कशाला घ्यायची?

७. रात्री मच्छरांसाठी काय लावू? लिक्विड, कॉइल, अगरबत्ती, की कडुलिंबाचा धूर?

पिंजरा असलेल्या खोलीत यातलं काहीच नको. तिथे मच्छरदाणी. पिंजऱ्यावर लहान बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी छान बसते.

कॉइल सर्वांत वाईट. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरल्याचं मोजलं गेलंय. लिक्विड मशीनमध्ये बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. ते मांजर-कुत्र्याच्या घरात हवा खेळती ठेवून दुसऱ्या खोलीत चालतं, माशांच्या आणि पक्ष्यांच्या खोलीत नाही. मच्छर मारायच्या अगरबत्त्यांपैकी ज्यांच्या पुड्यावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नाही त्या घेऊच नका, आत काय घातलंय कळायला मार्ग नाही.

कडुलिंबाचा पाला, वाळवलेली संत्र्याची सालं, कापूर यांचा धूर "नैसर्गिक" म्हणून आजी मोठ्या मायेने करते. पण पक्ष्याच्या फुप्फुसाला धूर तो धूरच. धूप करायचाच असेल तर पिंजरा आधी दुसऱ्या खोलीत, दार बंद, आणि धूर पूर्ण निघून गेल्यावर परत. संत्र्याच्या सालीच्या तेलाचे फवारे मांजरीच्या अंगावर किंवा अंथरुणावर मारू नका. ते तेल तिला बाधतं.

८. मनपाची धुराची गाडी अचानक येते. तेव्हा काय करायचं?

आवाज दुरूनच येतो, दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात पहिलं काम: कूलर बंद करा. खिडक्या लावायला सगळे धावतात आणि कूलर चालूच राहतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत फेकतो, म्हणजे रस्त्यावरचं औषध आणि डिझेलचा धूर तुम्हीच जोरात आत घेता. पाऊस सुरू झाल्यावरही आपण कूलर नुसत्या पंख्यासारखा चालवतो आणि डेंग्यूची फवारणी नेमकी तेव्हाच असते.

कूलरनंतर खिडक्या, मग पिंजरा आतल्या खोलीत. धूर विरल्यावर अर्ध्या तासाने खिडक्या उघडा. अंगणातल्या मातीच्या भांड्यातलं पाणी फेकून भांडं धुवा. तुमचं मांजर पीत नसेल, पण चिमण्या पितात.

९. कूलरच्या पाण्यात मनपाचे लोक औषध टाकून गेले. मांजर तेच पाणी पितं.

डासांच्या अळ्यांसाठी टाकतात ते टेमेफॉस योग्य मात्रेत असेल तर धोका फार कमी. तरी मांजरीला ती सवय लागू देऊ नका, टाकीची जाळी बसवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून, आतून घासून, सुकवायचा. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्याआधीच चक्र तुटतं आणि औषधाची गरज उरत नाही.

१०. मागच्या गडर लाइनमधून उंदीर, घुशी येतात. औषध ठेवू का?

प्राणी असलेल्या घरात माझं उत्तर "नाही" असंच आहे, आणि सर्वांत जास्त लोक माझ्याशी याच बाबतीत वाद घालतात. "आम्ही कपाटामागे ठेवतो, तिथे ससा पोचत नाही," असं म्हणतात. ससा पोचत नाही, उंदीर पोचतो. आणि उंदीर आमिष जागेवर खाऊन थांबत नाही, तुकडे उचलून साठवायला नेतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या गवताच्या पोत्यात नखाएवढा निळा तुकडा सापडला, एका बाजूला बारीक दातांच्या खुणा असलेला. आमच्या घरात ती वडी कधी आलीच नव्हती. शेजारच्या घरून उंदराने आणून माझ्या सशाच्या जेवणात ठेवली होती. तेव्हापासून गवत झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत असतं आणि मी प्रत्येक मूठ हाताने मोकळी करून घालते.

औषधं मुख्यतः तीन तऱ्हेची दिसतात. निळी-हिरवी वडी असते ती बहुधा ब्रोमॅडिओलोन. रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते आणि तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, ही तिची खरी भीती. काळपट करडी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू बनवते, काही तासांतच. आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, जी यकृत संपवते. ही घरात आणूच नका.

त्याऐवजी लोखंडी पिंजरा लावा. गडर लाइनकडच्या पाइपला जाळी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी. आणि मूळ कारण बघा: पक्ष्यांचा सांडलेला राळा-बाजरी रात्री तसाच पडून राहतो, त्याच्याच वासाने उंदीर येतात. रोज संध्याकाळी पिंजऱ्याचा तळ झाडला, दाणा घट्ट डब्यात ठेवला, तर निम्मा त्रास कमी होतो.

११. उंदराच्या चिकट पुठ्ठ्यावर आमचा हॅमस्टर चिकटला. ओढून काढू?

ओढू नका, कातडी सोलून निघते, पाय मोडतो. रॉकेल-टर्पेंटाइनही नको. मोकळ्या राहिलेल्या चिकट भागावर कागद टाका, म्हणजे तो आणखी अडकणार नाही. मग साधं खायचं तेल बोटाने थोडं थोडं कडेकडेने चोळत राहा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. सुटल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून अंग पुसा, लगेच कोरडं करून उबदार ठेवा. तोंडाला चिकट लागलं असेल किंवा श्वास जड असेल तर दवाखाना.

हे पुठ्ठे घरात ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेही त्यांच्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. त्यावर उंदीर तासन्तास जिवंत तडफडतो, आणि पाली, खारी, चिमण्याही अडकतात.

१२. डांबरगोळ्या, किड्यांचा खडू, बोरिक पावडर या तर घरगुती वस्तू. त्यांनी काय होणार?

डांबरगोळीतलं नॅफ्थॅलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मांजरीला एक गोळीसुद्धा भारी. कपड्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात ससा शिरत असेल तर तिथे गोळ्या नकोत. कापराच्या वड्याही तशाच पांढऱ्या दिसतात, त्याही विषारीच, त्यामुळे देवघरातला डबा बंद ठेवा.

खडूत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. गिनीपिगला पांढरा खडू म्हणजे दात घासायची वस्तू. मी एकाला ओढलेली रेघ चाटताना पाहिलंय. पिंजऱ्याभोवती मुंग्या येतात म्हणून खडूची रेघ ओढणारे बरेच आहेत. त्याऐवजी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या दुधाच्या कपाटाला करायच्या तसंच.

बोरिक पावडर भिंतीच्या फटीत ठीक आहे. कणीक-साखर घालून केलेल्या तिच्या गोळ्या मात्र नकोत. मांजरीचं पिल्लू त्या खेळता खेळता खातं.

१३. वर्षाचे गहू-तूर भरताना डब्यात गोळ्या टाकतो. आणि गावाहून भाऊ शेतातलं औषध देतो, ढेकणांवर एकदम भारी. प्राण्यांना चालेल का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर: प्राण्यांनाच काय, तुम्हालाही चालणार नाही.

धान्यातल्या त्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत रेंगाळतो, जिथे तुमचा पिंजरा असतो. या गोळ्या प्रशिक्षित लोकांनी देखरेखीखाली वापरायच्या आहेत, राहत्या घरात नाहीत. कोठी आणि झोपायची खोली एकच असलेल्या घरात तर माणसंच दगावतात. कडक उन्हात वाळवलेलं धान्य, एरंडेलाचा हात, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण, एवढ्यावर आमच्या घरचे गहू वर्षभर टिकतात.

शेतातल्या औषधाबद्दल जरा कठोर बोलते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. मोकळ्या रानात जे माणसाला मारतं ते बंद खोलीत गादीवर शिंपडायचं? आणखी एक: डायक्लोरव्हॉस, म्हणजे लोक ज्याला नुवान म्हणून ओळखतात, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुन्या घरांत माळ्यावर अजून बाटल्या असतात. ढेकणांना गादी उन्हात टाकणं, वाफ देणं, खाटेच्या फटीत उकळतं पाणी ओतणं हे कष्टाचं आहे, पण नागपूरचं ऊन त्यासाठी फुकट मिळतं.

१४. माझ्या प्राण्याने औषध खाल्लंय, किंवा त्याला अचानक त्रास होतोय. आत्ता काय करू?

प्राण्याला औषधापासून दूर, मोकळ्या हवेत घ्या. औषधाचा पुडा, डबा, उरलेला तुकडा पिशवीत घालून बरोबर घ्या. डॉक्टरांना सर्वांत आधी तेच लागतं, कारण प्रत्येक विषाचा उपाय वेगळा: ब्रोमॅडिओलोनवर (उंदराची निळी-हिरवी वडी) व्हिटॅमिन के-१, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर (नुवान त्यातलंच) ॲट्रोपिन. पुडा नसेल तर फवारणीवाल्याला फोन करून नाव विचारा. वजन, किती खाल्लं, किती वाजता, हे कागदावर लिहा. घाबरल्यावर आठवत नाही.

दूध, तूप, मीठपाणी काहीही पाजू नका. तूप-दुधाने विष उतरतं ही समजूत फार खोल रुजलेली आहे. फॉस्फरस उलट स्निग्ध पदार्थात लवकर भिनतो, आणि झिंक फॉस्फाइडवर (उंदराची काळपट पूड) पोटात अन्न गेलं की आम्ल वाढून वायू जास्त बनतो. मिठाच्या पाण्याने मांजर-कुत्रीही दगावतात. ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर यांना तर ओकताच येत नाही, त्यामुळे ओकवायचा प्रयत्नच व्यर्थ. झिंक फॉस्फाइड खाल्लेलं कुत्रं-मांजर स्वतःहून ओकलं तर वाकून वास घेऊ नका, खिडक्या उघडा. तो वायू तुम्हालाही बाधतो.

अंगावर औषध पडलं असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग टॉवेलने कोरडं. पक्ष्याला भिजवू नका, नुसती पिसं ओल्या कापडाने पुसा.

निघण्याआधी फोन करा आणि "हॅमस्टर बघता का, पक्षी बघता का" असं स्पष्ट विचारा; प्रत्येक दवाखान्यात बघत नाहीत. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. जवळचा डॉक्टर कोण, रात्री कोण फोन उचलतो, हे आज शांत असताना शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

१५. मांजरीने औषध खाल्लेला उंदीर खाल्ला. ती तर ठणठणीत आहे.

आज ठणठणीत असेल. रक्त पातळ करणाऱ्या औषधात लक्षणं उशिरा येतात (प्रश्न १०): हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, दम लागणं, एका जागी बसून राहणं. एक उंदीर खाऊन मांजर दगावेलच असं नाही, पण रोज उंदीर मारणाऱ्या मांजरीत विष साचत जातं. डॉक्टरांकडे न्या आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी करा. व्हिटॅमिन के सुरू केलं तर चार आठवड्यांपर्यंत चालू शकतं. आठवडाभरात बरी दिसली म्हणून मध्येच सोडू नका. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका; व्हिटॅमिन के-३ हा दुसरा प्रकार असतो, तो या विषावर उपयोगी पडत नाही.

१६. उधईसाठी भिंतीला छिद्रं पाडून औषध भरणार आहेत. हे तर भिंतीच्या आत जातं ना?

आत जातं, पण भरताना छिद्रातून उलट बाहेर येतं, फरशीवर ओघळतं, आणि ड्रिलची धूळ वेगळीच. प्राणी त्या दिवशी बाहेर (प्रश्न ३), परत आणायच्या आधी सगळी छिद्रं सिमेंटने बुजलेली हवीत. गिनीपिगचं घर भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा.

महाल, इतवारीच्या जुन्या घरांत अंगणात विहीर असते. विहिरीच्या बाजूच्या जमिनीत औषध सोडू देऊ नका, विहिरीत मासे-कासवं असोत वा नसोत. ही गोष्ट काम करणारा स्वतःहून विचारत नाही, तुम्हीच दाखवा.

१७. सशाला पिसवा झाल्यात. कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध थोडंसं लावू का?

नको. कुत्र्याच्या त्या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल असतं आणि सशाला ते झटके आणून मारू शकतं, थोडंसं असलं तरी. मांजरीला परमेथ्रिनवालं कुत्र्याचं औषध तसंच घातक. गाई-म्हशींच्या गोचिडींसाठीचं औषध पाण्यात मिसळून मांजर धुणारेही भेटलेत. कृपा करून करू नका. सशासाठी सेलामेक्टिनसारखी औषधं असतात, मात्रा डॉक्टर वजनावर काढतात.

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर दोन-तीन दिवस त्यांना एकत्र झोपू देऊ नका.

१८. प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासोनिक मशीन तरी सुरक्षित आहे ना?

विष नाही, पण जो आवाज उंदराला ऐकू येतो तो हॅमस्टरलाही येतो. तो पिंजऱ्यातून पळू शकत नाही. आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात. पैसे दाराखालच्या पत्र्यावर घाला.

१९. पक्षी चोच उघडून श्वास घेतोय. ऊन लागलं की औषध, कसं ओळखू?

उन्हात पक्षी पंख अंगापासून दूर धरतो, चोच उघडी ठेवतो, पण दांडीवर ताठ आणि सावध असतो. गार खोलीत नेऊन पाणी ठेवलं की दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. औषधाचा त्रास असेल तर पिसं फुगतात, तो खालच्या दांडीवर किंवा तळाशी येतो, शेपटी श्वासाबरोबर हलते, तोल जातो, अंग थरथरतं. गार केल्यावरही फरक पडत नाही. शंका आली तर औषधाचाच त्रास समजून चला.

२०. आमच्याकडे मिठू आहे, साधा हिरवा पोपट. फवारणीनंतर मान टाकतोय. पण पोपट पाळणं गुन्हा आहे म्हणतात, म्हणून दवाखान्यात न्यायची भीती वाटते.

हा निरोप मला वर्षातून तीन-चारदा येतो, नेहमी रात्री, नेहमी उशिरा.

खरं आहे, देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतो. तो पाळता येत नाही. बजरी, कॉकटील परदेशी, त्यांची गोष्ट वेगळी. पण आत्ता तो प्रश्न बाजूला ठेवा. डॉक्टरांसमोर पक्षी ठेवा आणि औषधाचा डबा दाखवा. सेमिनरी हिल्सलाच वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी आणि आजारी वन्य पक्षी तिथे घेतात. तिथे दिलेला पोपट तुमच्याकडे परत येणार नाही, हे मनाशी धरूनच जा.

पिंजऱ्यावर सुती कापड टाका, गाडीत एसी थेट त्याच्यावर नको, आणि वाटेत त्याला पाणी पाजू नका. मान टाकलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जातं. डबा विसरू नका.